वेष बदलला, पंगतीचे काय?



आपल्या इथला गणपती शनिवारी बसतो आणि रविवारी उठतो. चतुर्थी मंगळवारी असो की गुरुवारी, शाळेचा हॉल ज्या वीकएंडला मिळेल त्या वीकएंडला यायचे, हे एव्हाना बाप्पांच्याही अंगवळणी पडले आहे. आरतीच्या कागदावर मराठी शब्द इंग्रजी लिपीत छापलेले, कारण त्याशिवाय मुलांचे तोंड उघडत नाही. फायर अलार्म वाजू नये म्हणून कापूर बेताबेताने. विसर्जन बादलीत. जानेवारीत बाहेर उणे वीस असताना आत बायका काळ्या साड्या नेसून तिळगूळ वाटतात, आणि दाराशी स्नो-बूटांचा हा ढीग! भारतातून आलेले एखादे आजोबा हे सगळे बघतात आणि हळूच म्हणतात, "हे काही खरं नव्हे." त्यांची सून म्हणते, "बाबा, इथे असंच चालतं." मला विचाराल तर दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे.

एका मातीतले रोप दुसऱ्या मातीत लावले की ते थोडे बदलते. धर्माचेही तसेच. काय बदलावे, किती बदलावे आणि काय मुळीच बदलू नये, हा प्रश्न आपल्या कमिटीच्या मीटिंगमध्ये दर वर्षी येतो. फक्त तो 'मोदक केटररकडून आणायचे की घरी करायचे' अशा रूपात येतो, म्हणून आपल्याला ओळखू येत नाही इतकेच! ख्रिस्ती धर्मपंडितांनी मात्र या प्रश्नाचे एक शास्त्रच केले आहे. १९७२ च्या सुमारास तैवानचे शोकी को आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी नवा शब्द रूढ केला. मराठीत आपण त्याला 'संदर्भीय धर्मचिंतन' म्हणू. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. देवाची गोष्ट ज्या माणसांना सांगायची, ती त्यांच्या भाषेत, त्यांच्या गाण्यांतून सांगावी. आणि ती सांगताना त्यांच्या पोटातली भूक आणि डोक्यावरचे ओझे विसरू नये.

यातल्या पहिल्या भागाला मी वेष म्हणतो आणि दुसऱ्याला पंगत. वेष म्हणजे भाषा, चाली, सण, नैवेद्य. पंगत म्हणजे आपल्या शेजारी कोण बसते, आणि कोणाला आपण बसू देत नाही.

तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? खरेच आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली ती याच हेतूने. गाडगेबाबा रात्री कीर्तन करायचे, पण त्याआधी दिवसा हातात खराटा घेऊन तेच गाव झाडून काढायचे. त्यांनी देऊळ बांधण्यापेक्षा धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दादरला टाटा हॉस्पिटलच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी उभी राहिलेली धर्मशाळा त्यांच्याच नावाची. तेव्हा आपल्याला हे परके नाही. पण आज मला आपल्याच घरातल्या ज्या माणसांची गोष्ट सांगायची आहे, ती आपल्या मंडळांच्या गप्पांत सहसा येत नाहीत. ही गोष्ट आहे मराठी ख्रिस्ती माणसांची.

सुरुवात गोव्यातून करू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्याही अस्सल मराठी पुराणाच्या थाटात. त्याने केलेली मराठीची स्तुती आपण शाळेत पाठ केली आहे. पण ग्रंथाच्या आरंभीचा एक प्रसंग शाळेत कोणी शिकवत नाही. नवख्रिस्ती लोक पाद्रीबाबांना विचारतात, की आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे काही का देत नाही? ही मागणी वाचताना पोटात कालवते. साष्टीतली देवळे १५६७ मध्येच पाडली गेली होती. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांच्या कोकणीवरच बंदीचा हुकूम काढला. स्टीफन्सने दिलेला वेष सुंदर होता, त्याचे मराठीवरचे प्रेमही खरे होते, पण ज्यांना तो दिला त्यांचे आधीचे कपडे हिसकावून घेतलेले होते. वेष कितीही मराठी असला तरी एवढ्याने भागत नाही, हा पहिला धडा.

आता तीनशे वर्षे पुढे येऊ. फुलांमुलांचे कवी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी जन्मले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षे अहमदनगरला अमेरिकन मिशनमध्ये काढली. तेव्हा मराठी चर्चमध्ये बरीच गाणी इंग्रजीवरून भाषांतर केलेली, इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली असत. टिळकांनी तिथे अभंग आणला, भजन आणले, कीर्तनाला उभे राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांची भजने आजही मराठी चर्चमध्ये टाळ-पेटीवर म्हटली जातात.

हा झाला वेष. पण टिळक तिथे थांबले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्यांनाही होती. म्हणजे पंगतीची दोरीच त्यांनी काढून टाकली. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. दरबार फार वाढला नाही. पण परदेशी पैशावर उभे राहून आपल्या माणसांना आपलेपणाने काही सांगता येत नाही, हे त्यांना उमगले होते आणि त्यांनी त्याची किंमतही मोजली.

याहून मोठी गोष्ट मला लक्ष्मीबाईंची वाटते. 'स्मृतिचित्रे' अनेकांच्या घरी असेल. नसेल तर पुढच्या इंडिया ट्रिपला जरूर आणा. बाजारातून आलेले सामान धुवून घेणाऱ्या कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई. नवरा ख्रिस्ती झाला आणि काही वर्षे संसार दुभंगला. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला, की या जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. आणि पुढे त्यांच्या घरात आपली किती आणि परकी किती, हे मोजणे अवघड व्हावे इतकी मुले वाढली. मंडळी, सगळे धर्मचिंतन त्या एका पाण्याच्या तांब्यात आले. देव कोणता हा प्रश्न पुढचा. पाणी कोणाच्या हातचे चालते, हा पहिला.

पाण्यावरून वसई आठवली. आपल्या कॅनडातल्या मंडळांत वसईची कुटुंबे आहेत, पण वसईबद्दल आपली माहिती बहुधा चिमाजी अप्पांपाशी, म्हणजे १७३९ पाशी थांबते. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये शतकानुशतके प्रार्थना लॅटिनमध्ये चालत. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, लोकभाषेला परवानगी मिळाली आणि वसईच्या देवळांत मराठी घुमू लागली. त्या पिढीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवले आणि त्याची दारे सगळ्या मराठी लेखकांना उघडी केली. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

पण वसईचा शेतकरी त्यांना ओळखतो तो दुसऱ्याच कारणाने. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बिल्डरांसाठी मोकळी होऊ लागली आणि बावखलांचे, विहिरींचे गोडे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले. तेव्हा दिब्रिटो 'हरित वसई'च्या चळवळीत पुढे उभे राहिले. धमक्या आल्या, तरी हटले नाहीत. त्या मोर्चांत ख्रिस्ती होते तसे हिंदू आणि मुसलमानही होते, कारण विहीर आटली की ती सगळ्यांचीच आटते. फादरांनी विहिरीच्या पाण्याला धर्माचा विषय केला. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

आता आपण जिथे राहतो त्या देशाकडे येऊ. इथली गोष्ट उलटी आहे. १८७७ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे मिशनरी होळकरांच्या इंदूरला काम करत होते; आपल्यापैकी इंदूरच्या मंडळींना त्यांचे कॉलेज माहीत असेल. १९२५ मध्ये या चर्चचा मोठा भाग मेथॉडिस्ट आणि काँग्रिगेशनल चर्चशी एक होऊन 'युनायटेड चर्च ऑफ कॅनडा' झाला. पण याच काळात या देशातल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालल्या होत्या. सरकारचा पैसा आणि चर्चचा कारभार. कॅथलिक, अँग्लिकन, युनायटेड, प्रेस्बिटेरियन, सगळे त्यात होते. दीड लाखाहून जास्त मुले आईबापांपासून दूर नेली गेली. त्यांचे केस कापले, नावे बदलली, आईची भाषा बोलले तर मार. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या.

आणखी एक गोष्ट ऐका. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांत 'पॉटलॅच' नावाचा सोहळा असतो. यजमान गावाला जेवू घालतो आणि जवळचे वाटून टाकतो. जितके जास्त वाटले तितका मान मोठा. हा सोहळा १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्याने गुन्हा होता! देण्याच्या पंगतीवर बंदी, आणि तीसुद्धा 'सुधारणे'च्या नावाखाली.

१५ ऑगस्ट १९८६ रोजी सडबरीला युनायटेड चर्चने मूळ रहिवाशांची माफी मागितली. मॉडरेटर रॉबर्ट स्मिथ यांनी ती वाचली. तिचा आशय असा, की आमची पाश्चात्य राहणी म्हणजेच ख्रिस्ताची शिकवण अशी आमची गल्लत झाली, आणि तिच्या नादात तुमच्याजवळचे आध्यात्मिक धन आम्हांला दिसले नाही. वृद्ध मंडळींनी काय केले? त्यांनी माफी ऐकून घेतली. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, उत्तर दिले, की तुमच्या शब्दांची आम्ही नोंद घेतली आहे, आता ते जगून दाखवा. 'माफ केले' असे म्हटले नाही. मला हे उत्तर फार शहाणपणाचे वाटते. निवासी शाळांसाठीची वेगळी माफी चर्चने १९९८ मध्ये मागितली. २०१२ मध्ये आपले बोधचिन्ह बदलून त्यात मूळ रहिवाशांच्या परंपरेतले चार रंग आणि 'सगळे माझे सोयरे' अशा अर्थाचे मोहॉक भाषेतले शब्द घेतले. बोधचिन्ह हा पुन्हा वेषच. सोयरे म्हटल्यावर पंगतीचे काय, याचे उत्तर रोज द्यावे लागते, आणि ते अजून पुरते दिलेले नाही.

"हे सगळं ठीक आहे हो, पण याचा आपल्या मंडळाशी काय संबंध?" ऐकू आले बरं का मला!

संबंध असा. मुलांचे मराठी सुटेल, सण सुटतील, या धास्तीपोटी आपण मंडळे काढली. धास्ती खरी आहे. पण आपली भाषा कोणी हिसकावून घेतलेली नाही. आपण हॉल भाड्याने घेऊन माइकवर आरती म्हणू शकतो. तेव्हा वेषाचा प्रश्न आपण बराचसा सोडवला आहे, आणि बाप्पांनी तो चालवून घेतला आहे. राहिला पंगतीचा.

हळदीकुंकवाचेच घ्या. मुलाकडे राहायला आलेल्या कितीतरी आज्या आपल्यात आहेत. त्यांतल्या ज्यांचे यजमान गेले, त्या संक्रांतीच्या दिवशी काय करतात? बेसमेंटमध्ये नातवंडे सांभाळतात, नाहीतर स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापतात. वाण लुटायला वर कोणी बोलावत नाही, आणि त्याही येत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या सगळ्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितले. एक खेडे जे करू शकते ते टोरांटो-कॅल्गरीला का जमू नये? इथे तर शेजारची म्हातारीही काही म्हणणार नाही!

दुसरे उदाहरण एका मंडळाचे आहे. नाव कशाला हवे? वसईच्या एका कुटुंबाने विचारले, डिसेंबरच्या कार्यक्रमात आम्ही आमच्या बोलीतले नाताळचे गाणे म्हणू का? कमिटीत चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, "आपलं मंडळ सांस्कृतिक आहे, धार्मिक नाही." ज्या खोलीत ही सभा चालली होती तिच्या भिंतीला गणपतीचे मखर टेकून उभे होते. 'पुढच्या वर्षी बघू' असे ठरले. पुढच्या वर्षी ते कुटुंब वर्गणी भरायला आले नाही. भांडण नाही, तक्रार नाही. पंगतीतून माणूस उठून जातो तो असाच, पानावरून आवाज न करता.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. नव्या माणसाला आपण आधी आडनाव विचारतो, मग "म्हणजे मूळचे कुठले?" विचारतो, आणि त्यातून आपल्याला हवे ते कळते. २०२३ मध्ये टोरांटोच्या सार्वजनिक शाळा मंडळाने शाळांतल्या जातिभेदाच्या प्रश्नाची दखल घेऊन तो ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाकडे नेण्याचा ठराव केला. त्यावर उलटसुलट पुष्कळ बोलले गेले. मी एवढेच विचारतो, की आपल्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत १४ एप्रिल कुठे आहे?

आणि चौथी गोष्ट हॉलच्या दाराबाहेरची. या देशातली पहिली फूड बँक १९८१ मध्ये एडमंटनला निघाली. तात्पुरती सोय म्हणून निघालेली ही गोष्ट आता गावोगाव आहे. भारतातून शिकायला आलेली मुलेही, त्यांत आपली मराठी मुलेही, अलीकडे तिथे रांगेत दिसतात. इथल्या गुरुद्वारांनी लंगर कधी बंद ठेवला नाही. त्यामुळे कित्येक मराठी मुलांनी पहिल्या हिवाळ्यात तिथे पोटभर जेवण केले आहे. आपल्या महाप्रसादाची उरलेली पुरी-भाजी मात्र डब्यांत भरून आपल्याच घरी जाते.

म्हणून काही सुचवावेसे वाटते. रागावू नका. गणपतीपुढे नारळाबरोबर प्रत्येक घराने तूरडाळीचे किंवा तांदळाचे एक पाकीट ठेवावे आणि ते सोमवारी फूड बँकेत पोचवावे. हळदीकुंकवाच्या आमंत्रणात 'सर्व महिलांना' असे लिहावे, आणि पहिले वाण घरातल्या थोरल्या आजीला द्यावे, मग तिच्या कपाळी काही असो वा नसो. नाताळचे गाणे आणि आंबेडकर जयंती 'पाहुण्यांचा कार्यक्रम' म्हणून नव्हे, तर आपला म्हणून करावा. ३० सप्टेंबरला मुले शाळेत नारिंगी शर्ट घालून जातात. २०२१ पासून तो राष्ट्रीय स्मरणदिन आहे. गणेशोत्सव बहुधा त्याच्या आगेमागेच असतो. तेव्हा ज्या जमिनीवर आपला मांडव आहे ती कोणाची, हे आरतीआधी दोन वाक्यांत मुलांना सांगावे. घोकलेले इंग्रजी निवेदन वाचू नये. आपल्या शब्दांत, मराठीत सांगावे.

यात खर्च फारसा नाही. अडचण आहे ती मनाची. पुढच्या पिढीला आरतीचे सगळे शब्द येतीलच असे नाही. पण आपल्या घरी कोणाला बोलावले जायचे आणि कोणाला नाही, हे ती मुले कधीच विसरणार नाहीत. त्यावरून ती ठरवतील, की आईबाबांचा देव ठेवावा की नाही.

तुमच्या मंडळात यातले काही आधीपासून होत असेल तर अवश्य कळवा, पुढच्या अंकात सगळ्यांना सांगू. पटले नसेल तर तेही लिहा. हिवाळा येतोय, गाडीचे टायर बदलून घ्या आणि आज्यांना एकटे ठेवू नका.

लोभ असावा.